जुन्नरभोवतीच्या पायवाटा : कुणाला कुठली झेपेल, कुठून परत फिरावं?

जुन्नर : पावसाचा जोर ओसरला की जुन्नरच्या डोंगरांवर भटकंतीला गर्दी होते. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, तसे तालुक्यातले लोकही लेकराबाळांसह निघतात. पण लेण्याद्री आणि जीवधन एकाच तालुक्यात असले तरी दोन्हींची चढण सारखी नाही. वाट निवडताना डोंगराची उंची बघू नका. सोबत कोण आहे, कातळ ओला आहे का आणि अंधार पडायला किती वेळ आहे, हे आधी बघा.

सोप्या वाटा

लेण्याद्री : गावापासून पाचेक किलोमीटर, कुकडी नदीपलीकडे. सुमारे ३०० पायऱ्या आहेत, पण बांधीव. म्हातारी माणसंही बसत-उठत चढतात. इथल्या तीसेक लेण्यांपैकी सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे.

तुळजा लेणी : जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळीजवळ. चढ थोडा, माणसांची वर्दळही कमी. इथलं गोल चैत्यगृह आणि त्यातले बारा खांब आवर्जून बघावेत.

नाणेघाट, वरच्या बाजूने : जुन्नरपासून ३० किलोमीटरच्या आसपास. घाटघरपर्यंत आणि पुढे पठारावर गाडी जाते. दगडी रांजण जवळच आहे. थोडं खाली उतरलं की सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेलं लेणं लागतं. कड्याच्या टोकाला मात्र पोरांचा हात सोडू नका.

मध्यम वाट

शिवनेरी : १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला. मुख्य वाट सात दरवाजांतून, पायऱ्यांनी जाते. सावकाश चढलं तर घरातल्या सगळ्यांना जमेल. गुडघे दुखणाऱ्यांनी शिवाई देवीच्या मंदिरापर्यंत जाऊन मागं फिरलं तरी चालेल.

साखळीची वाट वेगळी आहे. तिथं कातळातल्या पायऱ्या साखळीच्या आधाराने चढाव्या लागतात. नवख्यांनी आणि लहान मुलांनी त्या वाटेला जाऊ नये.

अवघड वाटा

चावंड : आपटाळ्याच्या पुढे. इंग्रजांनी १८१८ मध्ये या किल्ल्याच्या पायऱ्या फोडल्या. आता आधाराला रेलिंग आहे, तरी कातळटप्पा उभाच आहे. वर सात टाक्यांचा समूह बघायला मिळतो.

नाणेघाट, कोकणातून : मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे भागातून जंगलातून चढ. पूर्ण चढायला दोन-तीन तास धरावेत. वाटेत पाण्याचा भरवसा नाही.

जीवधन : घाटघरजवळचा हा किल्ला सगळ्यात कठीण. पायऱ्या तुटलेल्या आहेत, काही ठिकाणी हातांनी धरून चढावं लागतं. समोरच वानरलिंगी सुळका आहे. सोबत वाट माहीत असलेला गावातला माणूस हवाच.

चावंड आणि जीवधनवर भर पावसात जाऊ नका. कातळावर शेवाळ धरतं. चढताना सोपी वाटलेली पायरी उतरताना पाय थरथरवते. एक टप्पा जरी घसरडा वाटला, तरी तिथूनच परत फिरावं. त्यात कमीपणा नाही.

बिबट्या आणि मोहोळ

जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्रही आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकट्याने चालू नका. मुलांना मध्ये ठेवा, मोठ्याने बोलत चला. बिबट्या दिसलाच तर पळू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका.

शिवनेरीवर आग्या मोहोळाचे हल्ले अनेकदा झाले आहेत. धूर, फटाके, दगड मारणं टाळा, उग्र अत्तर लावू नका. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून लांब निघून जा.

निघण्याआधी एवढं करा

– माणशी किमान दोन लिटर पाणी, सुका खाऊ आणि टॉर्च घ्या.
– कुठं चाललो आणि कधी परतणार, हे घरी सांगून ठेवा.
– नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या. घाटमाथ्यावर रेंजचा भरवसा नाही.
– शेवटच्या एसटीची वेळ स्टँडवर विचारून घ्या.
– दुपारी तीनपर्यंत माथ्यावर पोहोचला नाहीत, तर असाल तिथून उतरायला लागा.

अडचण आल्यास आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८ आणि वन विभाग १९२६ या क्रमांकांवर फोन करावा.