झोपलेल्या खात्याचा दंड

आपल्या आयटीवाल्यांची एक खोड आहे. नोकरी बदलली की पगाराचं खातं बदलतं, पण जुनं खातं कुणी बंद करत नाही. त्यात दोन-चार हजार पडून असतात, 'बघू कधीतरी' म्हणून. पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी बँक त्या झिरो बॅलन्स खात्याचं साधं बचत खातं करते आणि मग मिनिमम बॅलन्सचं मीटर पडतं. माझ्याही एका खात्यातून असे पैसे कापले गेले. चिडचिड झालीच, पण त्या निमित्ताने वीकेंडला रिझर्व्ह बँकेची जुनी परिपत्रकं वाचत बसलो. (हो, असले छंद आहेत मला.)

आपल्याकडे अशा खात्यांबद्दलचा कायदा तसा जुना. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम २६ सांगतं की दहा वर्षं ज्यांना कुणी हात लावला नाही अशा खात्यांची यादी बँकेने दरवर्षी रिझर्व्ह बँकेला द्यायची. झालं, एवढंच. दरम्यान त्या खात्यातून काय काय कापायचं, याबद्दल ते कलम गप्प.

पुढे ऑगस्ट २००८ मध्ये एक महत्त्वाचं परिपत्रक आलं. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नाही, तर खातं 'इनऑपरेटिव्ह'. पण बचत खात्यावरचं व्याज नियमित जमा करायचंच. आणि बँकेने स्वतः कापलेलं शुल्क किंवा स्वतः जमा केलेलं व्याज हा 'व्यवहार' धरायचा नाही. हे वाचून मी खूश! म्हणजे सिस्टीमचा स्वतःचाच क्रॉन जॉब चालला म्हणून यूजर लॉग-इन झाला असं समजू नका.

पण दंडाचं काय? जरा हिशेब करू. समजा तेव्हा खात्यात ४,००० रुपये होते आणि दंड तिमाहीला ७५० रुपये. बचत खात्याचा व्याजदर २००३ पासून २०११ पर्यंत ३.५ टक्केच होता, म्हणजे वर्षाचं व्याज जास्तीत जास्त १४० रुपये. तेही एप्रिल २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर! आणि दंड वर्षाला ३,०००. दीड वर्षाच्या आत खातं साफ.

६ मे २०१४ ला रिझर्व्ह बँकेने, रघुराम राजन गव्हर्नर असताना, इनऑपरेटिव्ह खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावायला बंदी घातली. चांगलंच केलं. पण वरचा हिशेब पुन्हा बघा. बंदी लागू होते दोन वर्षांनंतर आणि खातं रिकामं होतं त्याआधीच! बग फिक्स केला, पण जिथे क्रॅश होतो त्याच्या पुढच्या ओळीवर.

मग २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने थोडी डागडुजी केली. १ एप्रिल २०१५ पासून दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवायचं, शिल्लक पुन्हा भरायला किमान महिनाभर द्यायचा, आणि निव्वळ या दंडापायी शिल्लक उणे होऊ द्यायची नाही. म्हणजे शून्यापर्यंत न्यायला मुभा, त्याखाली नाही. आणि कळवणार कुठे, तर जुन्या सिमकार्डावर आणि सोडलेल्या कंपनीच्या ईमेलवर... असो.

त्याच २०१४ साली ठेवीदार शिक्षण व जागृती निधी आला. दहा वर्षं पडून राहिलेले पैसे बँक तिकडे वळते करते, पण मालक किंवा वारस आला तर परत द्यावेच लागतात. ते शोधायला २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'उद्गम' पोर्टल निघालं. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. फक्त ज्याचं खातं दंडातच संपलं, त्याने तिथे शोधायचं तरी काय?

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नव्या सूचनांत इनऑपरेटिव्ह खात्यावर दंड नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क नाही. केवायसी मात्र नव्याने करावं लागतं. दोन वर्षांची अट तशीच आहे. सरकारी बँकांपैकी स्टेट बँकेने २०२० मध्येच हा दंड काढून टाकला, कॅनरा आणि पंजाब नॅशनलने २०२५ मध्ये. पण आपली पगाराची खाती बहुतेक खासगी बँकांत असतात, आणि तिथे तो अजून बऱ्याच ठिकाणी लागतो.