जॉर्ज स्क्वेअरमधली ट्राम

ग्लासगोत कामगार चळवळीचा विषय निघाला की 'ब्लडी फ्रायडे' येतोच. शुक्रवार, ३१ जानेवारी १९१९. मग लाल बावटा, रशियासारखी क्रांती, चर्चिलने पाठवलेले रणगाडे अशी सगळी दणदणीत कथा ऐकायला मिळते. त्या कथेत ट्रामला फारशी जागा नसते. माझ्या मते मात्र त्या दिवशीची ठिणगी ट्राममुळेच पडली.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १९१८ मध्ये महायुद्ध थांबलं. क्लाइड नदीकाठी दारूगोळ्याचं काम आटलं आणि त्याच वेळी हजारो सैनिक घरी परतू लागले. युद्धात पुरुषांच्या जागी घेतलेल्या बायकांना तर सगळ्यात आधी नारळ मिळत होता. काम थोडं आणि हात फार! इंजिनियरिंग कारखान्यांत तोवर आठवड्याला ५४ तास काम असे. युनियनच्या वरच्या पुढाऱ्यांनी मालकांशी ४७ तासांवर समझोता केला. क्लाइडवाले म्हणाले, नाही, ४० हवेत. ही नुसती आरामाची मागणी नव्हती बरं का. प्रत्येकाने कमी तास काम केलं तर तेवढ्याच कामात जास्त माणसं सामावतील, असा तो साधा हिशोब होता. २७ जानेवारीला संप सुरू झाला. पहिल्या दिवशी चाळीसेक हजार कामगार बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी आकडा सत्तर हजारांच्या घरात गेला.

आता ट्रामकडे येऊ. ग्लासगोची ट्राम १८९४ पासून महापालिका स्वतः चालवत होती आणि शहराला तिचा मोठा अभिमान होता. मॅनेजर जेम्स डॅलरिंपल हे बडं प्रस्थ. १९१४ साली या ट्राम खात्यातल्या माणसांची एक अख्खी पलटण १६ तासांत उभी राहिली होती! हे खातं संपात उतरलं नाही, ट्राम धावत राहिल्या. संपकऱ्यांना हे झोंबणं साहजिकच होतं. कारखाने बंद पडले तरी ट्राम चालू असेल तर बाकीच्या शहराला सगळं सुरळीतच वाटतं. आपल्याकडे मुंबईची लोकल थांबली की मगच संप 'खरा' वाटतो, तसंच हे.

शुक्रवारी लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे इथला महापौर, सरकारचं उत्तर सांगणार होता. जॉर्ज स्क्वेअरमध्ये प्रचंड गर्दी जमली. कोणी वीस-पंचवीस हजार म्हणतं, कोणी साठ हजार. आणि तशातही चौकातून ट्राम सोडणं चालूच! मोटार असती तर दुसऱ्या गल्लीतून गेली असती. ट्रामला खाली रूळ आणि वर तार, ती जाणार कुठे? एक अडली की मागे रांग लागते. ट्रामला वाट करून द्यायला पोलीस गर्दी रेटू लागले आणि मग लाठ्या चालल्या. शिनवेल आणि कर्कवूड त्या वेळी महापालिकेच्या इमारतीत उत्तराची वाट बघत होते. आरडाओरडा ऐकून कर्कवूड बाहेर धावला आणि त्याच्याच डोक्यात लाठी बसली. शेरीफ मॅकेन्झी दंगल कायदा वाचून दाखवायला उभा राहिला, तर कोणीतरी त्याच्या हातातला कागदच हिसकावला. दोन तास त्या रस्त्यावरची ट्राम बंद ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

त्या रात्रीपासून सैन्य उतरलं आणि सोमवारी सहा रणगाडे आले. ते गुरांच्या बाजारात उभे राहिले, गर्दीवर कधी गेलेच नाहीत. रणगाड्याभोवती गर्दी दाखवणारा जो फोटो सगळीकडे फिरतो, तो १९१८ सालचा, युद्धरोखे विकायला आणलेल्या रणगाड्याचा आहे. सैन्याची मागणीही स्थानिक शेरीफकडून गेली होती. चर्चिल युद्धमंत्री होता, म्हणून सगळं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं, इतकंच.

या संपाला एक काळी बाजूही आहे, ती मात्र लोक चटकन सांगत नाहीत. आठवडाभर आधी, २३ जानेवारीला, ग्लासगो बंदरात गोऱ्या खलाशांच्या जमावाने काळ्या खलाशांवर हल्ला केला. हाच शिनवेल खलाशांच्या युनियनचा पुढारी होता आणि परदेशी, विशेषतः आशियाई, खलाशांविरुद्ध तो भाषणं करत होता. सगळ्यांना काम मिळावं म्हणून तास कमी करायचे, पण त्या 'सगळ्यां'त आपले लोक नव्हते!

गंमत म्हणजे त्याच जानेवारीत मुंबईतही गिरण्या बंद होत्या. महागाईने पिचलेले लाखाहून जास्त गिरणी कामगार बाहेर पडले होते. ग्लासगोत त्याची किती जणांना खबर होती कोण जाणे.

ग्लासगोचा संप १२ फेब्रुवारीपर्यंत चालला आणि कामगार ४७ तासांवर कामावर गेले. शिनवेलला पाच महिने आणि गॅलॅकरला तीन महिने कैद झाली, कर्कवूड सुटला. पुढे गॅलॅकर कम्युनिस्ट खासदार झाला, शिनवेल १९५० मध्ये चक्क संरक्षणमंत्री झाला, आणि लाठी खाल्लेला कर्कवूड १९५१ मध्ये लॉर्ड कर्कवूड!