पेंडीचा मुक्काम कुठे?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सोयाबीनच्या पेंडीला अत्यावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणलं आणि तिच्या साठ्यावर मर्यादा घातली. कारखान्याने नव्वद दिवसांच्या उत्पादनाइतकाच माल ठेवावा, व्यापाऱ्याने फार तर १६० टन. गहू, डाळ, साखर यांच्या साठेबाजीवर असे हुकूम निघतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण तेल निघून गेल्यावर उरणाऱ्या चोथ्यावर? गव्हाणीत पडणाऱ्या या मालाला एवढी पत कशी आली, ते समजून घ्यायला घाटाच्या पायथ्याच्या खोपोलीसारखी जागा नाही. घाटावरच्या तेलबिया बोरघाट उतरून मुंबईच्या समुद्राकडे गेल्या त्या याच वाटेने.

पेंड तशी जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बैलांचा रोजचा खुराक नेमून दिला आहे. त्यात गवत, कोंडा, मीठ यांच्या जोडीला एक तुला घाण्याची पेंड येते. म्हणजे जनावराला पेंड घालणं हे तेव्हाही सरकारी हिशेबात बसलेलं होतं.

खोपोलीभोवतीचा कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. तेलबिया असत त्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, नाचणी-वरीच्या शेजारी: पिवळ्या फुलांची खुरासणी आणि थोडा तीळ. बिया लाकडी घाण्यात पडत, बैल फिरे, लाट घरघरे आणि उखळाच्या कडेला काळपट, चिवट पेंड चिकटून राही. ती खरवडून काढायची, वाळवायची आणि फोडून रात्री भिजत घालायची. सकाळी त्यात कोंडा नि चिमूटभर मीठ कालवलं की आंबोण तयार. घाण्याचा दाब बेताचाच, म्हणून पेंडीत दहा-बारा टक्के तेल राहून जाई. गाईच्या अंगावर तुकतुकी येई ती त्याच तेलाने. मात्र कोकणच्या पावसात हीच पेंड खवट होते, तिला बुरशी धरते. त्यामुळे घरात साठा असला तर एखाद्या पोत्याचा. गावात पिकलं, गावात गाळलं, गावच्याच गोठ्यात संपलं.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात तेल गाळण्याचं काम करणाऱ्यांत बेने इस्रायली ज्यूही होते. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

सगळीच पेंड मात्र दावणीला जात नाही. मोहट्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल निघतं, पण त्या पेंडीतल्या सॅपोनिनमुळे ती जनावराला चालत नाही. तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती वापरतात. एरंडीची पेंड तर विषारीच. तिची जागा शेतात, खत म्हणून.

हा घरगुती हिशेब मोडला वाहतुकीने. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, १८५६ मध्ये मुंबईची रेल्वे खोपोलीला येऊन थांबली आणि १८६३ मध्ये ती घाट चढून गेली. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला. देशावरचा जवस आणि तीळ, पुढे भुईमूग, हे सगळं मुंबई बंदरातून युरोपात, विशेषतः फ्रान्समधल्या मार्सेलच्या तेल गिरण्यांत जाऊ लागलं. बी अख्खंच बोटीत चढत होतं. म्हणजे तेल गेलं ते गेलंच, पेंडही गेली. इंग्लंड-फ्रान्समधल्या गाई तिच्यावर दूध देऊ लागल्या आणि इथल्या गोठ्यात पेंढा उरला. १८९३ साली जॉन व्होल्कर या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने हिंदी शेतीवरच्या अहवालात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. तेल इथे गाळा, पेंड इथेच ठेवा, नाहीतर जमिनीचा कस परदेशी जातो आहे, असं त्याचं म्हणणं. तो सरकारनेच बोलावलेला माणूस होता, तरी व्यापार आपल्या वाटेने चालतच राहिला.

स्वातंत्र्यानंतर बी कमी आणि पेंड जास्त जाऊ लागली. यात भुईमुगाच्या पेंडीचा मान मोठा होता. मग १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. तपास लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरच्या बुरशीपर्यंत. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीच्या विषाचं नाव तिथून जगाला कळलं. माल ब्राझीलचा, पण संशय साऱ्याच शेंगदाणा पेंडीवर बसला आणि भारताच्या मालाकडेही युरोपातले गिऱ्हाईक बारकाईने बघू लागले. ओल्या हवेत पेंड ठेवू नये हे गोठ्यातल्या बाईला माहीत होतं. कारण आता सापडलं.

याच सुमारास तेल काढायची तऱ्हाही बदलली. हेक्झेन या द्रावकात भिजवून तेल उतरवणाऱ्या कारखान्यांनी पेंडीतलं तेल दीड टक्क्याखाली आणलं. कोरडी पेंड टिकते, म्हणून तिचा साठा करता येतो, जहाज भरता येतं. या कारखानदारांची संघटना १९६३ मध्ये मुंबईत उभी राहिली.

नंतर आलं सोयाबीन. शंभर किलो बियांतून तेल निघतं जेमतेम अठरा किलो, पेंड ऐंशीच्या आसपास. नाव तेलबियांचं, पण हे पीक खरं पेंडीचंच. म्हणूनच खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज बाहेरून भागवणारा देश पेंड मात्र जहाजं भरून विकत राहिला. इकडे घरचं गिऱ्हाईकही वाढत गेलं. १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि कोंबडीपालन हा धंदा झाला. सरकीच्या पेंडीतलं गॉसिपॉल हे द्रव्य कोंबडीला मानवत नाही. त्यामुळे सरकी गाई-म्हशींकडे राहिली आणि सोयापेंड खालापूर-कर्जतमध्येही दिसणाऱ्या पोल्ट्रीच्या लांबट शेडकडे गेली.

२०२१ च्या उन्हाळ्यापासून सोयापेंडीचा भाव दुपटीवर गेला. पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आणायला परवानगी दिली. असं सोयाबीन पेरायला देशात मनाई, पण त्याची पेंड चालेल, कारण पेंड रुजत नाही! सुरुवातीला हा माल उतरवायला दोनच ठिकाणं नेमली: बांगलादेशच्या सीमेवरचं पेट्रापोल आणि रायगडमधलं न्हावाशेवा. दीडशे वर्षं खाली उतरणारा माल आता उलटा घाट चढणार होता. तेवढ्यात नवं पीक बाजारात आलं आणि क्विंटलमागे दहा हजारांच्या घरात गेलेलं सोयाबीन पाच-सहा हजारांवर आलं. शेतकऱ्याने आयातीला शिव्या घातल्या. डिसेंबरमध्ये वर सांगितलेला साठ्याचा हुकूम निघाला.

भाताच्या कोंड्याचीही तीच गत. गिरणीतून निघाल्यावर कोंडा भराभर खवट होतो, म्हणून तेल लगेच काढावं लागतं. तेल काढलेला कोंडा मात्र टिकतो आणि निर्यात होतो. चारा महाग झाला म्हणून जुलै २०२३ मध्ये त्या निर्यातीवर बंदी आली आणि मुदत संपेल तशी ती वाढवली गेली. पण त्याच काळात तांदूळ आणि मका आंबवून इथेनॉल करणारे कारखाने वाढले. तिथे उरणारा प्रथिनयुक्त चोथा खाद्य बनवणाऱ्यांना स्वस्तात मिळू लागला आणि सोयापेंडीचं गिऱ्हाईक फुटलं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांत माल त्याच्या बराच खाली विकला जात होता. तेव्हा साठ्यावर मर्यादा घाला असं कुणी म्हणत नव्हतं. मागणी होती ती सरकारने स्वतः खरेदी करून साठा करावा, ही.