टिंबाआडच्या फायली

लिनक्स नव्याने बसवलेल्या संगणकावर आपले होम फोल्डर उघडले तर आत फारसे काही दिसत नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स, चित्रे, गाणी अशी पाच-सात फोल्डर, बस्स. मग फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबाव्यात. आधी नव्हती ती नावे फिकट रंगात समोर येतात: ‘.बॅशआरसी’, ‘.प्रोफाईल’, ‘.कॉन्फिग’, ‘.लोकल’, ‘.कॅश’. सगळ्यांच्या कपाळी टिंब. लिनक्सवाले यांना ‘डॉटफाईल्स’ म्हणतात आणि त्यांच्यावर जीव टाकतात, कारण टर्मिनलचा रंग, खिडकीची कड, कोणत्या कळेने काय उघडावे, असल्या आवडीनिवडी यांतच लिहून ठेवलेल्या असतात. डेस्कटॉप आपल्या मनासारखा करून घ्यायचा म्हणजे आज ना उद्या या फायलींत हात घालावाच लागतो.

इतक्या महत्त्वाच्या फायली टिंबाआड ठेवायची रीत कोणीतरी विचारपूर्वक घालून दिली असेल, असे वाटते. तसे काही झालेले नाही. कोणाच्या तरी कंटाळ्यातून ती पडली.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीच्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स उभारायला घेतले. त्याच्या फाईलव्यवस्थेत प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी आपोआप असत. एक टिंब म्हणजे ‘हेच फोल्डर’ आणि दोन टिंबे म्हणजे ‘याच्या वरचे’. फिरायला सोय झाली, पण फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा दिली की दर वेळी या दोन नोंदीही यादीत यायच्या. मग दोघांपैकी कोणीतरी त्या प्रोग्रॅममध्ये एक छोटी तपासणी घातली: नावाचे पहिलेच अक्षर टिंब असेल तर ते नाव दाखवू नये.

खरे तर तपासायचे होते ते पूर्ण नाव. नाव नेमके एक टिंब आहे का, किंवा नेमकी दोन टिंबे आहेत का, एवढेच. पण पहिले अक्षर पाहून पुढे जाणे सोपे होते. परिणामी टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव यादीतून गायब होऊ लागले.

ही हकीकत रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिली. पाइक बेल लॅब्समध्ये आले १९८० साली, म्हणजे त्या तपासणीचे ते साक्षीदार नव्हेत. पण थॉम्प्सन आणि रिची यांच्याबरोबर त्यांनी पुढे वर्षानुवर्षे काम केले, तेव्हा त्यांचा शब्द सहज बाजूला सारता येत नाही. त्यांचा सूर कौतुकाचा मुळीच नाही. या आडवाटेने एक वाईट पायंडा पडला आणि आळशी प्रोग्रॅमरांना लोकांच्या घरात आपले सामान टाकायला जागा मिळाली, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या स्वतःच्या होम फोल्डरात तेव्हा अशा शंभरेक फायली होत्या.

युनिक्समधले हे ‘लपणे’ नावापुरतेच असते. डॉसमध्ये फाईल लपवायची तर तिच्या नोंदीत एक वेगळी खूण चढवावी लागे. युनिक्सच्या आणि आजच्या लिनक्सच्या फाईलव्यवस्थेत अशी खूणच नाही. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, दृष्टीने टिंबवाली फाईल आणि बिनटिंबाची फाईल सारखीच. न पाहिल्यासारखे करतात ते ‘एलएस’ आणि फाईल मॅनेजर. म्हणून एखादी फाईल दडवायची तर नावापुढे टिंब लावून पुन्हा नाव द्यायचे, काम झाले. कुलूप नाही की परवानगी नाही. डॉटफाईल म्हणजे सुरक्षित फाईल, ही समजूत अजून अनेकांची असते आणि ती साफ चुकीची आहे.

‘.बॅशआरसी’च्या नावातले टिंब असे मरे हिलचे. शेवटचे ‘आरसी’ मात्र दुसऱ्या घरातून आले आहे, आणि ते घर थोडे अधिक जुने. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या पुढाकाराने एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची ‘सीटीएसएस’ नावाची व्यवस्था १९६१ मध्ये चालू झाली. तिथे लुई पुझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. रोज त्याच त्या आज्ञा टंकत बसण्यापेक्षा त्या एका फाईलमध्ये लिहून ठेवाव्यात आणि रनकॉमने एकामागून एक चालवाव्यात, एवढाच त्याचा उद्योग. युनिक्सने ही कल्पना आणि नावाची आद्याक्षरे दोन्ही उचलली. यंत्र सुरू होताना चालायच्या आज्ञांची फाईल ‘आरसी’ याच नावाने ‘ईटीसी’ फोल्डरात बसली.

ही दोन घराणी एकत्र आली बर्कलीला. बिल जॉय यांनी तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सी शेल लिहिला; शेल म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या सुरुवातीला चालणारी फाईल म्हणजे ‘.सीएसएचआरसी’. पुढे मरे हिलचे टिंब, मागे पुझँचे आरसी. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला तो ‘.प्रोफाईल’ घेऊन. गनू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश हा शेल लिहिला, आणि लिनुस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये आपल्या कर्नलवर जे प्रोग्रॅम सर्वांत आधी चालवले त्यांत बॅश होता. त्यामुळे लिनक्सला ही रीत जन्मतःच मिळाली. आजही डेबियनवर नवे खाते उघडले की ‘ईटीसी’मधल्या ‘स्केल’ फोल्डरातून ‘.बॅशआरसी’ आणि ‘.प्रोफाईल’ यांच्या प्रती नव्या घरात येऊन पडतात. त्या ‘.बॅशआरसी’त आज्ञारेषा रंगीत करण्याची एक ओळ तयारच असते, फक्त तिच्यापुढे हॅशचे चिन्ह असते. ते चिन्ह पुसायचे, टर्मिनल पुन्हा उघडायचे. अनेकांची या नादाची सुरुवात एवढ्यावरच झालेली आहे.

पुढे आयत्या बिळावर नागोबा व्हावे तसे झाले. आला तो प्रोग्रॅम होम फोल्डरात टिंब लावून पसरू लागला. शेवटी २००३ मध्ये फ्रीडेस्कटॉप या मंचावर नियम ठरला: आवडीनिवडी ‘.कॉन्फिग’मध्ये, प्रोग्रॅमची माहिती ‘.लोकल’च्या आत ‘शेअर’मध्ये, फेकून देता येईल असा मजकूर ‘.कॅश’मध्ये. टिंब हटले नाहीच, पण पसारा आवरला. सगळ्यांनी ऐकले असेही नाही. बॅश आणि एसएसएच अजून आपली जुनी जागा धरून आहेत. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने ‘.कॉन्फिग’ स्वीकारले, तरी तिथे फायलींच्या नावांमागचे आरसी ठेवले. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर मराठीसाठी भारतीय कळफलक जोडून पाहा. ‘.कॉन्फिग’मधल्या ‘केएक्सकेबीआरसी’ फाईलच्या ‘लेआउटलिस्ट’ या ओळीत ‘आयएन’ ही दोन अक्षरे आलेली दिसतील. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती वाचता येतात, बदलताही येतात. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचे तसे नाही. त्याची बहुतेक सेटिंग्ज ‘डीकॉन्फ’च्या बायनरी फाईलमध्ये जातात आणि माणसाला वाचायची तर आधी वेगळी आज्ञा देऊन बाहेर काढावी लागतात. वेगाच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण मला केडीईची रीत जवळची वाटते.

पाइक यांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. टिंब ही चूकच होती. साध्या मजकुराची, मालकाच्या घरात राहणारी आणि हवी तेव्हा उचलून दुसरीकडे नेता येणारी फाईल ही मात्र चूक नव्हती. बेल लॅब्सने पुढे प्लॅन नाइन ही नवी कार्यप्रणाली घडवली तेव्हा ‘एलएस’मध्ये टिंबवाली नावे लपवणे बंद केले आणि प्रत्येकाची प्रोफाईल फाईल त्याच्या घरातल्या ‘लिब’ फोल्डरात उघडपणे ठेवली. सुधारणा चांगली होती, पण प्लॅन नाइन वापरणारे मूठभरच राहिले. इकडे लिनक्सवाले आपल्या डॉटफाईल्स गिटमध्ये ठेवून गिटहबवर एकमेकांना खुशाल वाटू लागले. फक्त वाटताना ‘.एसएसएच’ फोल्डरातली खासगी किल्ली सोबत जात नाही ना, हे दोनदा पाहावे.

एक व्यवहाराची गोष्ट. बॅशमध्ये ‘सगळ्या फायली’ या अर्थाने चांदणी (*) वापरली तर टिंबाने सुरू होणारी नावे तिच्यात धरली जात नाहीत. लिनक्स नव्याने बसवण्याआधी चांदणी वापरून होम फोल्डरची प्रत काढली, तर फोटो येतील, कागदपत्रे येतील, आणि वर्षानुवर्षे घडवलेला डेस्कटॉप मागे राहील. म्हणून पूर्ण होम फोल्डरच नावानिशी उचलावे, आणि पेनड्राइव्हवर प्रत उतरली की डिस्क पुसण्याआधी कंट्रोल-एच दाबून पाहावे. ‘.कॅश’ नसले तरी चालेल. ‘.कॉन्फिग’, ‘.लोकल’, ‘.एसएसएच’ आणि ‘.बॅशआरसी’ दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.