कन्ट्री आणि हिप-हॉप : गाणे की कबुलीजबाब?

कन्ट्री म्युझिक म्हटले की काऊबॉय हॅट, गिटार आणि गोऱ्या अमेरिकेचा ग्रामीण दक्षिण भाग डोळ्यांसमोर येतो; हिप-हॉप म्हटले की न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्त्या. दोहोंचे चाहते एकमेकांच्या संगीताकडे बहुधा तुच्छतेनेच पाहत आले आहेत. मात्र वाद्यमेळ बाजूला सारून केवळ शब्द ऐकले, तर दोन्ही प्रकार मुळात गोष्ट सांगणाऱ्यांचे आहेत, हे ध्यानात येते.

टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल येथे १९२७ साली राल्फ पीअर यांनी जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंबाची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेथून कन्ट्रीचा व्यावसायिक प्रवास सुरू झाल्याचे मानतात. हिप-हॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३. त्या दिवशी ब्रॉन्क्समधील एका इमारतीत डीजे कूल हर्क यांनी बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजविल्या. मधल्या सेहेचाळीस वर्षांत बरेच काही बदलले. गाण्यातले दारिद्र्य मात्र तसेच राहिले. केंटकीतील खाणकामगाराच्या घरातील बालपण लोरेटा लिन यांनी १९७० साली ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये सांगितले. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे ‘द मेसेज’ (१९८२) ब्रॉन्क्समधील मोडकळीस आलेल्या वस्तीचे वर्णन करते. पहिल्यात अभिमान आहे, दुसऱ्यात घुसमट.

आईविषयीची दोन गाणी तर शेजारी ठेवूनच ऐकावीत. मर्ल हॅगार्ड यांच्या ‘मामा ट्राइड’चा (१९६८) नायक आईचे न ऐकता तुरुंगात गेलेला. हॅगार्ड स्वतः सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात होते. गाण्यातली जन्मठेप मात्र त्यांनी पदरची घातली. टुपॅक शकूर यांचे ‘डिअर मामा’ (१९९५) व्यसनात अडकलेल्या, तरीही मुलांना वाढविणाऱ्या आईचे ऋण मानते. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत ही दोन्ही गाणी आहेत.

साम्य सर्वाधिक ठळक होते ते गुन्हेगाराच्या तोंडून सांगितलेल्या कथांमध्ये. जॉनी कॅश यांच्या ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’चा (१९५५) निवेदक विनाकारण खून केलेला कैदी आहे. कॅश यांनी तुरुंगवासाची शिक्षा कधीच भोगली नव्हती; तरीही १९६८ मध्ये फॉलसमच्या कैद्यांसमोर त्यांनी ते गायिले आणि ती मैफल अजरामर झाली. मार्टी रॉबिन्स यांच्या ‘एल पासो’मध्ये (१९५९) निवेदक आपल्याच मृत्यूपर्यंत गोष्ट सांगत जातो. नोटोरियस बी.आय.जी. यांचा ‘रेडी टू डाय’ (१९९४) हा संपूर्ण अल्बमच निवेदकाच्या आत्महत्येशी येऊन थांबतो. मुळे तर आणखी खोल जातात : १८९५ मध्ये सेंट लुइस येथे ली शेल्टन याने बिली लायन्स याचा खून केला, त्यातून ‘स्टॅगोली’ची दंतकथा निर्माण झाली. ती गोऱ्या गायकांनी गायिली आणि कृष्णवर्णीयांच्या यमकबद्ध मौखिक कथनातही ती रुजली.

गोष्ट सारखी असली तरी ती ऐकणारे कान सारखे नसतात. मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्रीड यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. किंग्स्टन ट्रिओ या लोकसंगीत गाणाऱ्या त्रयीच्या १९६० मधील गाण्याचे शब्द त्यांनी लोकांना वाचावयास दिले; त्यात निवेदक पोलिसाची हत्या करतो. काहींना ते रॅप असल्याचे सांगितले, काहींना कन्ट्री. शब्द तेच, पण रॅप समजून वाचणाऱ्यांना ते अधिक आक्षेपार्ह आणि धोकादायक वाटले. २०१६ मध्ये अन्य संशोधकांनी असाच प्रयोग केला, तेव्हाही निष्कर्ष फारसा वेगळा निघाला नाही.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. अमेरिकेतील फौजदारी खटल्यांत रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मांडल्या जातात. कॅश यांच्या ‘खुना’ची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. अशा पुराव्याला वेसण घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केला. न्यायाधीशाने पूर्वग्रहाचा धोका तोलूनच तो पुरावा स्वीकारावा, असे त्यात म्हटले आहे. जॉर्जिया राज्यात मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये रॅपर यंग थग यांच्यावरील खटल्यात काही ओळी ज्यूरीपुढे आणण्यास न्यायाधीशांनी सशर्त परवानगी दिली.