मिरजेचे खरेशास्त्री आणि कुलूपबंद शोधनिबंध

७ जून २०२३ चं कोल्हापूर आठवतंय ना? औरंगजेब-टिपूच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, मग इंटरनेट बंद. इतिहासावरचा कसलाही फॉरवर्ड आपल्या खिशात फुकट येऊन पडतो. त्याच विषयावर कुणी वर्षानुवर्षं दप्तरं चाळून लिहिलेला शोधनिबंध वाचायचा म्हटलं, तर परदेशी प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतो. एका लेखाचे!

कुलपाचा हा प्रश्न आपल्याकडं जुनाच आहे. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याला उत्तर द्यायचं तर कागद हवेत, आणि पुण्याचं पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात. साध्या अभ्यासकाला तिथं प्रवेश नाही. मग लोकांनी दुसरी वाट धरली, वाड्यावाड्यांतली दप्तरं शोधायची आणि छापायची. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघालं. आणि इथं आपल्या शेजारी मिरजेत वासुदेवशास्त्री खरे, हायस्कुलात संस्कृत शिकवणारे मास्तर, पटवर्धन सरदारांची मोडी पत्रं वाचून देवनागरीत उतरवत बसले. १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला. पुढच्याच वर्षी राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड आला.

हे फुकट नव्हतं बरं का. कागद, छपाई, टपाल, सगळ्याला पैसे लागायचे आणि ते वाचकाकडूनच यायचे. पण एकदा छापलं की मूळ पत्रच वाचकासमोर. राजवाड्यांची मतं ज्यांना पटली नाहीत, त्यांनाही राजवाड्यांनीच छापलेले कागद वापरता आले. माझ्या मते त्या पिढीचं खरं मोठेपण यात आहे. सरकारी दप्तरातून सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक ४५ खंड निघाले, ते १९३० ते ३४ मध्ये. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर शंभरावर वर्षांनी.

आता आजचं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथं आणि इतरत्रही बरीच मंडळी विनामोबदला नोंदी लिहितात. त्यांनी संदर्भ देताना खुल्या शोधनिबंधांना झुकतं माप द्यावं का? द्यावं, असं मी म्हणतो. संदर्भाचा उपयोगच वाचकानं तो उघडून बघण्यात आहे. गडहिंग्लजच्या निवृत्त शिक्षकाला जो लेख उघडताच येत नाही, त्याच्यासाठी तळटीप म्हणजे नुसता आकडा. पण दोन्ही पुरावे तोलामोलाचे असतील तरच. कुलपातला पक्का पुरावा टाकून उघड्यावरची थाप घेणार असाल, तर फॉरवर्ड काय वाईट होते?

कुणी म्हणेल, सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलंय की. आणलंय, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, सुमारे १३,००० नियतकालिकं. फायदा आहेच, नाही कशाला म्हणू? पण तो सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना. मास्तर निवृत्त झाले की बाहेर. मिरजेच्या हायस्कुलातले खरेशास्त्री आज असते, तर या योजनेत बसलेच नसते, कारण ती उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांपुरती आहे.

‘खुलं’ म्हणून मिरवणाऱ्यातही एक मेख आहे. बऱ्याच परदेशी नियतकालिकांत वाचकाला फुकट, पण लेखकाकडून हजारो डॉलर घेतात. आपल्या प्राध्यापकानं ते कुठून आणायचे? आणि याच धंद्यातून पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिकंही उगवली, हे महाविद्यालयातल्या कुणालाही विचारा.

तिसरी वाट आहे, आणि तिला पैसा लागत नाही. पुष्कळ प्रकाशक लेखकाला स्वीकृत लेखाची स्वतःची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवू देतात, कधी लगेच, कधी वर्षभरानं. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर तसेच खुले असतात, कुणीही उतरवून घ्यावेत. शिवाजी विद्यापीठातल्या आणि आपल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच, की करारातलं ते कलम एकदा वाचा, आणि शाहू महाराजांवर, ताराबाईंवर, करवीर संस्थानावर जे लिहिलंय त्याची प्रत तेवढी खुली ठेवा. शक्य असेल तर सोबत दोन पानांचा मराठी सारांशही.