शांती बर्धन यांचे बाहुली-रामायण

शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही फिरती नृत्यनाट्यमंडळी स्थापिली. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेल्या बर्धनांनी ‘रामायणा’साठी नर्तकांस कळसूत्री बाहुल्यांचे रूप दिले. मुखवट्यामुळे शास्त्रीय नृत्यातील मुखाभिनय वर्ज्य झाला. अर्थवहनाचा सारा भार अंगांच्या तुटक, कोनबद्ध हालचालींवर पडला. या हालचालींस भाषेप्रमाणेच नियम होते आणि ते इतरांस शिकविता येत होते. क्षयाने पोखरलेले बर्धन १९५४ मध्ये निवर्तले. तथापि गुल बर्धन व प्रभात गांगुली यांनी मंडळी सांभाळली. १९६४ मध्ये ती ग्वाल्हेरला गेली. पुढेही नव्या नर्तकांनी तेच नियम आत्मसात केले आणि कर्त्याच्या पश्चात हे ‘रामायण’ रंगभूमीवर राहिले.